पाहुण्यांत मी नव्हते

आधी आपाचं सांगते. काय झालं ते मागून सांगता येईल.

आपा आमच्या माहेरच्या गावाला नर्स होती. गाव हिमायतनगरच्या पलीकडं, स्टेशनापासून बैलगाडीच्या वाटेवर. ती स्वतः नांदेडच्या जुन्या वस्तीतली. वडलांचं तिथं शिलाईचं दुकान होतं म्हणायचे. पांढरी साडी, पायात पुरुषी चपला आणि चालणं असं, की बरोबरच्याला पळावं लागायचं. तिला गावात कुणी सिस्टर म्हटलं नाही, बाई म्हटलं नाही. थोरामोठ्यांनी हाक मारायची तीही आपाच. तिचं खरं नाव मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आज लिहितानाही माहीत नाही. पण तिला तरी माझं नाव कुठं माहीत होतं? तरी ती दुसऱ्या जिल्ह्यात आली आणि हजार बायांतून तिनं मला हुडकून काढलं.

मी आता लेकीपाशी राहते, रत्नागिरीच्या बाजूला. लेक एसटीत कंडक्टर आहे. आमच्या मराठवाड्याची बरीच पोरं-पोरी अशी कोकणातल्या डेपोत येऊन पडलीत. तिचा घसा असा आहे, की ती 'मागं सरका' म्हणाली की मागच्या दारातली माणसं खाली उतरतील. लोक तिच्या आवाजाला हसतात. मी हसत नाही. तो आवाज ऐकला की मला आपा आठवते, का ते पुढं कळेल.

त्या वर्षी दुष्काळ होता आणि लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. गावात पाणी नव्हतं, काम नव्हतं. लातुरात पाणी नव्हतं, पण काम होतं. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, साहेब लोकांची नवी घरं, नवे रस्ते. माझा नवरा खडी फोडायचा, मी घमेली उचलायची. कामाच्या कडेला मोकळ्या जागेत पालं ठोकलेली, त्यातल्या एकात आम्ही तिघं: तो, मी आणि तीन वर्षांची लेक. आमच्याकडचा कुणी भेटला आणि विचारलं काय करता, तर नवरा ऐटीत सांगायचा, "जिल्हा बांधून राहिलो."

भावाच्या धाकट्या पोराचं जावळ काढायचं होतं म्हणून मी लेकीला घेऊन माहेरी गेले. एसटीनं नांदेड, तिथून पुढं आगगाडी. दुष्काळातलं जावळ ते काय असणार! पिठलं-भाकरी आणि गोडाला गुळाचा सांजा. पण गोतावळा जमला. भावाचा थोरला पोरगा, पाच-सहा वर्षांचा, माझ्या लेकीला सोडेना. दोघं एका ताटात जेवली, एका वाकळीत झोपली. त्याचा घसा दुखत होता. घास गिळताना मान वाकडी करायचा. वहिनी म्हणाली, "बाजारात बर्फाचा गोळा खाल्ला, दुसरं काय." आम्हीही तेच म्हणालो. गोळा खाल्ला की घसा बसतोच.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. निघताना आईनं ओटी भरली. तांदूळ नव्हते, नारळ नव्हता. तिनं माझ्या पदरात मूठभर ज्वारी, हळकुंड आणि सुपारी घातली आणि दुसरीकडं बघत म्हणाली, "पुढच्या खेपेला तांदळानं भरीन." मी म्हटलं, "ज्वारीनं काय होतं गं?" आणि गाडीत बसले.

माझ्या मागं तिथं जे झालं ते मला फार उशिरा कळलं, थोडं आपाकडून, थोडं आईकडून. पोराला श्वास घेता येईना. भाऊ त्याला नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी घशात बघितलं आणि सांगितलं, घटसर्प आहे, आणायला उशीर झाला. पोर गेलं.

आणि रडारड चाललेल्या त्या घरात आपा येऊन बसली.

मला याचंच नवल वाटत आलंय. माती दिलेली, चूल पेटलेली नाही, बाया गळ्यात पडायला येताहेत, आणि त्या घरात जाऊन विचारायचं, की जावळाला कोण कोण होतं? तिला विचारावं लागलं. हा रोग पोराच्या श्वासातून पोराला जातो. त्या ताटाभोवती जी जी लेकरं बसली होती, त्यांतल्या कुणाच्या घशात तो आता शिरलाय हे बघायचं होतं, आणि वाट बघत बसायला वेळ नव्हता.

"अम्मा," ती आईला म्हणाली, "जावळाला पाहुणे कोण कोण आले होते, तेवढं सांगा. लेकरंवाले आधी."

आईनं सांगितलं. भाऊ भानावर येऊन सांगायला लागला. वहिनीच्या माहेरचे, भोकरचे मावशीकडचे, शेजारच्या वाडीतले. जावळ काढणारा, त्याची पोरगी. एकही सुटला नाही. आपा गल्लीगल्लीतून फिरली, पोरांचे घसे बघितले, गोळ्या दिल्या, इंजेक्शनं टोचली. सगळे पाहुणे सापडले.

त्यांच्यात मी नव्हते. खोटं कुणीच बोललं नव्हतं. पाहुणे विचारले, पाहुणे सांगितले. लेक कुठं पाहुणी असते? माझ्या आईला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी तिनं मला पाहुण्यांत धरलं नसतं.

आपा शेवटी निरोप घ्यायला आली तेव्हा विचारायचं काही उरलं नव्हतं. ती भिंतीला टेकून बसली, आणि आई रडत होती ते ऐकत राहिली. आई स्वतःलाच दोष देत होती. "माझंच चुकलं गं. पोटच्या लेकीची ओटी ज्वारीनं भरली. नारळ न्हाई, तांदूळ न्हाई. रिकाम्या ओटीनं लेक धाडली, म्हणून नातू गेला."

आपा ताठ बसली. "कोणती लेक, अम्मा?"

"माझी. दुसरी कोणाची?"

"ती जावळाला होती?"

"हाव. आत्या नसन तर जावळ कसं होईन?"

"तिला लेकरू आहे?"

"हाव की. पोरगी हाय. दोघं एका ताटात जेवले, माह्या डोळ्यांनी बघितलं."

"अम्मा, मग परवापासून मी काय विचारून राहिले तुम्हाला!"

"तुम्ही पाहुणे विचारले, आपा."

ही गोष्ट आपानं मला सांगितली तेव्हा ती हसली होती. म्हणाली, "चूक माझीच होती, बेटा. मी नांदेडला जाते तेव्हा अम्मीला कुणी विचारलं घरी कोण आलंय, तर ती म्हणते कुणी नाही. मी समोर बसलेली असते."

आता मला शोधायचं तर कुठं? आईला एवढंच ठाऊक, की लेक लातूरला आहे आणि जिल्हा बांधून राहिली. तार करावी तर कुणाच्या नावानं, कोणत्या घराला? पालाला काय पत्ता असतो! आपानं तिच्या साहेबांना विचारलं आणि स्वतः निघाली; घाईत माझं नाव विचारायचं तेवढं राहून गेलं. वाटेत नांदेडच्या दवाखान्यातून या रोगावरचं औषध घेतलं. ते थंड ठेवावं लागायचं, म्हणून बर्फाच्या थर्मासात. उन्हाळ्यात एसटीच्या पत्र्याखाली बर्फ किती टिकणार? अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा तिनं थर्मास उघडून बघितला, तर आत नुसतं पाणी. स्टँडवर गोळेवाला होता. त्याच्याकडून तिनं बर्फाचा खडा घेतला, फोडून थर्मासात भरला. ज्या बर्फाला आम्ही सगळे नावं ठेवत होतो, त्याच बर्फात माझ्या लेकीचं औषध लातूरला आलं.

इकडं लेकीला बारीक ताप होता. खायला मागायची, घास तोंडात घ्यायची आणि काढून हातात धरायची. मी म्हटलं, खडीची धूळ गेली असेल, प्रवासाचं ऊन लागलं असेल. शेजारच्या पालात औश्याकडची एक बाई होती, तोंडानं फटकळ, तिच्या पोराबरोबर माझी लेक दिवसभर असायची. ती म्हणाली, "हळद-दूध दे." हळद होती. दुधाचं नाव कुठं काढावं!

त्या दिवशी टँकर आला. टँकर आला की काम थांबायचं, मुकादम ओरडो नाहीतर आणि काही. लेक पालात निजलेली. मी घागर घेऊन रांगेत उभी राहिले. आणि टँकरच्या सावलीत पांढऱ्या साडीतली एक बाई दिसली, गळ्यात थर्मास लटकवलेला. दुष्काळात बाई कुठंही राहो, पाण्यापाशी तर येणारच, म्हणून ती तिथंच येऊन थांबली होती. लग्न होऊन मी गाव सोडलं त्यानंतर आपा त्या गावी आलेली. मी तिला कधी बघितलेलं नव्हतं.

पांढरी साडी बघितल्याबरोबर रांग गप्प झाली. नर्स आली म्हणजे मूल बंद करायच्या ऑपरेशनला न्यायला आली, ही भीती तेव्हा सगळ्यांच्याच पोटात. तिनं विचारलं, "हिमायतनगरकडची कुणी आहे का इथं, लहान पोरगीवाली?" कुणी हू की चू केलं नाही. मीही खाली बघितलं.

मग ती मोठ्यानं म्हणाली, "घाबरू नका, ऑपरेशनचं काही नाही. घटसर्पाची साथ आहे, त्यासाठी फिरते."

घटसर्प म्हटल्यावर बाया हसायला लागल्या. आमच्याकडं घटसर्प म्हणजे जनावरांचा. गाई-म्हशींचा गळा सुजतो, त्याची लस टोचायला ढोरांचे डॉक्टर येतात. तोच शब्द लेकरांच्या रोगालाही आहे हे रांगेत कुणालाच ठाऊक नव्हतं. मला तर नव्हतंच.

"ओ बाई, जनावरांची छावणी तिकडं हाय, पुलाच्या पलीकडं," औश्याची म्हणाली. "हितं एक बी शेपटीवालं न्हाई."

"हाय की," मागची एक म्हणाली. "मुकादम हाय."

सगळी रांग खिदळली. ती नर्सबाईसुद्धा हसली. मीही हसले आणि घागर पुढं सरकवत म्हटलं, "आमचे बैल तर कवाचेच गेले छावणीत. सरका जरा, मी पाणी भरून राहिले."

तिचं हसू एकदम थांबलं.

"काय म्हणालीस? परत बोल."

"काय? पाणी भरून राहिले."

"इथल्या साऱ्या बाया पाणी भरायल्यात," ती माझ्याकडं बोट करत म्हणाली. "तू एकटीच भरून राहिलीस. कुठल्या गावची तू?"

मला वाटलं आता काही खरं नाही. गावाचं नाव सांगितलं. तिनं विचारलं, "भावाच्या पोराच्या जावळाला गेली होतीस?" मी घागर खाली ठेवली. या बाईला माझं जावळाला जाणं कसं माहीत? हिला माझा भाऊ कसा माहीत?

"पोरगी कुठं आहे?"

"पालात निजली. जरा घसा धरलाय."

ती तशीच पळायला लागली. पाल कुठलं हे तिला ठाऊक नव्हतं, तरी पळायला लागली, आणि मी मागून पळत "तिकडं न्हाई, इकडं" ओरडत होते. आयुष्यात पहिल्यांदा टँकरच्या रांगेत घागर टाकून मी निघाले होते.

पालात तिनं लेकीला मांडीवर घेतलं, चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबली आणि बॅटरी मारली. मला म्हणाली, "बघ." मी बघितलं. घशाच्या आत, दोन्ही बाजूंना, दुधावर साय धरावी तसा मळकट पांढरा पापुद्रा होता. ते चित्र अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तो पसरला की श्वासाची वाट बंद होते, हे तिनं चालता चालता सांगितलं. चालता चालता म्हणजे लेक तिच्या खांद्यावर, आम्ही रस्त्यावर. नवरा खडीवरून तसाच धुळीनं पांढरा होऊन आला. एका ट्रॅक्टरवाल्याला तिनं हात करून अडवलं आणि आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी आधी कातडीखाली थोडंसं औषध टोचून वाट बघितली, अंगावर उठतं का ते. उठलं नाही. मग थर्मासातलं औषध दिलं. म्हणाले, "आता बघू. आजची रात्र नि उद्याचा दिवस महत्त्वाचा."

मी बाहेर व्हरांड्यात बसले. आपा शेजारी येऊन बसली. तेव्हा कुठं तिनं सांगितलं ती कोण, कुठून आली, मी तिला कशी सापडले. मी विचारलं, "माझा भाचा कसा हाय, आपा? त्याचा पण घसा दुखून राहिला होता."

ती थोडा वेळ थर्मासाचं झाकण फिरवत राहिली. म्हणाली, "त्याला आता काही दुखत नाही."

मी देवाला हात जोडले. म्हटलं, बरा झाला. तिनं मला तसं समजू दिलं.

पण ती नुसती धीर द्यायला बसली नव्हती. "आता तू मला मदत करायची," ती म्हणाली. "माहेराहून आल्यापासून लेक कुणाच्या ताटात जेवली? कुणाच्या कडेवर बसली? कुणाचं पाणी प्याली? आणि पाहुणे सांगू नको. सगळे सांग."

मी म्हटलं, "मला नावं न्हाई माहीत कोणाची."

"नावं मला कशाला हवीत? तुझं तरी माहीत आहे का? खुणा सांग."

मग मी खुणा सांगायला लागले. ठिगळाच्या पालातली जुळी पोरं. खडीच्या ढिगापाशी चहा विकते तिची नात. औश्याचीचा पोरगा, तो तर भाकरीचा तुकडासुद्धा लेकीच्या तोंडातून काढून खायचा. सांगता सांगता मलाच नवल वाटायला लागलं. मी समजत होते, या लातुरात आपलं कुणी नाही. पण माझी तीन वर्षांची लेक किती घरची होऊन गेली होती! आपा ऐकत होती आणि मान हलवत होती, जणू तिला तो सगळा माळ दिसत होता आणि कोणत्या पालातून कोणत्या पालात काय गेलं हेही.

ती तिथल्या दोन नर्सबाईंना घेऊन पालांवर गेली. एकूण एक लेकराचा घसा बघितला. औश्याचीच्या पोराचा लाल झाला होता, पापुद्रा धरलेला नव्हता. त्याला लगेच औषध सुरू झालं. नवरा सांगत आला, की औश्याची चवताळलीय. "माहेराहून चोळी आणायची सोडून रोग आणला रांडेनं!" असं साऱ्या माळाला ऐकू जाईल असं ओरडत होती. मी ऐकून घेतलं. तिचं पोर होतं.

आपानं तिला काय सांगितलं तेही नवऱ्यानं ऐकलं होतं. "आणला हे खरं. पण तुझ्या पोराकडं बोटही तिनंच दाखवलं. गप्प बसली असती तर मी तुझ्या पालाकडं कशाला वळले असते?"

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तेव्हा लेकीनं पाणी मागितलं. गिळताना तोंड वाकडं केलं, पण गिळलं. तिसऱ्या दिवशी आवाज फुटला, तोही चिरका, घोगरा, बेडकासारखा. मी तिला छातीशी धरून हसत रडत होते. आपानं तेव्हा मला बाजूला नेलं आणि भाच्याचं खरं काय ते सांगितलं. म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर तुला एक ताटसुद्धा आठवलं नसतं." मी तिच्यावर रागावले नाही. मला रागवायला जमलंच नाही. त्या घरी भाच्यासाठी रडून, तसेच डोळे पुसून, ही बाई दोन गाड्या बदलून माझ्या पालापर्यंत आली होती.

मी चौथीत शाळा सोडली. सोडली म्हणजे एक दिवस गेले नाही, मग दुसऱ्या दिवशी गेले नाही. ही पोरगी कुठं गेली, हे विचारायला कुणी आलं नाही, आणि यावं असं मलाही वाटलं नाही. आपण नसलो तर कुणाच्या ध्यानात येतं, असंच मी समजून होते. आणि मग एक परकी बाई बर्फ वितळायच्या आत मला शोधत येते! जिल्हे, साथी, सरकारं मला कळत नाहीत. एवढंच कळलं, की कुठंतरी कुणीतरी बसून विचार करत होतं, की अजून एक सुटलीय, ती कोण?

आम्ही पालावर परत आलो तेव्हा माझी घागर दारात होती, भरलेली, वर ताट झाकलेलं. औश्याची तिच्या दारात बसून पोराला भरवत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "रांगेत लोळत पडली होती. पोचा पडलाय एक." पुढं कितीतरी दिवस ती माझ्याशी तिरकंच बोलायची, पण टँकर आला की आधी मला हाक मारायची.

आपा त्याच दिवशी गेली. स्टँडवर सोडायला मी गेले. द्यायला काय होतं माझ्याकडं? माझ्या पिशवीच्या तळाशी आईनं घातलेल्या ओटीतली ज्वारी होती, ती पण दळून संपत आलेली. मी म्हटलं, "आपा, तुमच्यात ओटी भरतात का?"

"आमच्यात नाही भरत," ती गाडीची पायरी चढत म्हणाली. "पण अम्मी काहीतरी पदरात बांधल्याशिवाय सोडत नाही."

"मग मी भरीन. पुढच्या खेपेला."

"भर की," ती म्हणाली, आणि कंडक्टरनं घंटी मारली.

पुढची खेप आली नाही. मी माहेरी जाईपर्यंत तिची बदली झाली होती. कुणी म्हणालं अर्धापूरला, कुणी म्हणालं किनवटकडं. मग आमचीही पोटापाण्यासाठी या गावाहून त्या गावाला फिरती. आई गेली, भावानं गाव सोडलं. आता मी इथं इतक्या पाण्याच्या मुलखात बसले आहे, की लोक नळ चालू सोडून जातात आणि मी उठून बंद करत फिरते. आपा आता सत्तरीच्या पुढं असेल. असेल ना? ही काळजी मला सोडत नाही.

लेक म्हणते, "आई, नाव नाही, पत्ता नाही, कसं शोधणार?" बसमध्ये ओरडून ओरडून हिचा घसा कधी बसत नाही, आणि हिलाच हे विचारावंसं वाटतं. पण ती पास काढून देणार आहे. मी नांदेडच्या जुन्या वस्तीत जाईन. नाव कुणाला विचारणार नाही, खुणा सांगेन. शिलाईचं दुकान, पांढरी साडी, पुरुषी चपला, पळाल्यासारखी चाल. सकाळी बाया जिथं पाण्याला जमतात तिथं उभी राहीन. ती भेटली की तिच्या घरात पाटावर बसवीन, पदर पसरायला लावीन आणि ओटी भरीन, या खेपेला तांदळानं, नारळासकट. मग तिच्या घरच्यांनी विचारलं, कोण पाहुणी आलीय, तर तिनंच सांगावं, की कुणी नाही.